कोरडे गमबूट

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं ताई! हा कुणाचा नंबर?… जावईबापूंचा होय. मला वाटलं, चष्मा तयार झाला का विचारायला कुणीतरी… हो, दुकानातच. शनिवारी आणखी कुठे असणार मी?… नाही गं, मोकळीच आहे. एक गिऱ्हाईक आहे, ते फ्रेमी बघतंय… कधीचं बघतंय. दुकानातल्या सगळ्या नाकावर चढवून झाल्या.

बरं, आधी हे सांग, कुठल्या गाडीने निघतेस? स्टेशनवर येते मी… अगं थांब, माझं ऐक ना आधी! उद्या चिखल आहे, ताई. मरणाचा चिखल! काल रात्रभर कोसळत होता. मैदानाच्या राखणदाराला फोन केला तर म्हणाला, टेकडीखालच्या वळणाचा नुसता राबडा झालाय… हो ना! अख्खा हंगाम कोरडा ठणठणीत गेला, आणि आता शेवटाला आठवण झाली पावसाला. मागच्या रविवारी थोडा, आणि उद्या हा असा… सांगते गं मागच्या रविवारचं. सांगते नंतर.

तुझी सगळी तयारी करून ठेवलीय मी. दोन्ही सायकली इथेच आणल्यात, मागच्या खोलीत… तिथेच, डोळे तपासायच्या. अक्षरांच्या तक्त्याखाली उभ्या आहेत. सकाळी इथूनच न्यायच्या. बादल्या घेतल्या, मोठा ब्रश घेतला, चेनसाठी तुझा तो दातांचा जुना ब्रश घेतला… आणि तुझे हिरवे गमबूट. पुसून ठेवलेत, चकाचक. यंदा असे धुणार आहे ना ते मी! मागच्या वर्षी म्हणालीस, टाचेपाशी माती राहिली…

एक मिनिट हं… हो काका?… कानामागे टोचतंय? काढा, द्या इकडे… आत काय? सायकली आहेत… नाही हो, विकायच्या नाहीत. माझ्या आहेत… शर्यतीच्या. सायक्लोक्रॉस म्हणतात. चिखलातून, झाडांतून फेऱ्या मारायच्या. मध्ये फळ्या आडव्या लावलेल्या असतात, तिथे उतरायचं, सायकल उचलायची आणि पळायचं… हो, या वयात. वय तुम्हाला दिसलं होय? आणि पेपर दिसत नाही म्हणता!… दोन कशाला? अहो, एक चिखलाने भरली की चाक फिरत नाही. मग पिटात यायचं, म्हणजे सायकल बदलायची जागा असते तिथे. माखलेली द्यायची, धुतलेली घ्यायची आणि सुटायचं. आपलं माणूस तिथे उभं असतं, ते पहिली धुऊन तयार ठेवतं… माझी ताई. हीच, फोनवर आहे ती. आणि हंगामभर त्यांनी आमच्या सायकली धुतल्या ना, म्हणून शेवटच्या शर्यतीनंतर आम्ही त्यांचे गमबूट धुवायचे. नळापाशी रांगेने बसतो सगळे. रिवाजच आहे आमच्यात… ताई, काका विचारतायत, मी जिंकते का कधी. काय सांगू?… हसतेय ती, काका. बसा तुम्ही, लगेच वाकवून देते दांडी.

हां, बोल… नाही, मीच बोलते. हंगामाच्या गुणांत सध्या आठवी आहे मी. आणि सातवी कोण, सांग?… बेकरीवाली! तीच गं, वळणावर कोपर मारते ती. जराशीच पुढे आहे. उद्या तिच्या आधी आले की सातवी मी. परवा पाव आणायला गेले, तर काय गोड आवाज काढून म्हणते, “येत्या रविवारीही एकट्याच का हो?” मी म्हटलं, छे, माझी ताई येतेय. अस्सं तोंड झालं तिचं! उद्या दाखवतेच तिला… काय?

काय म्हणालीस?

अगं, पण तू म्हणाली होतीस… हो, “बघते” म्हणालीस. तुझं “बघते” म्हणजे “येते” असतं, ताई. आजवर तसंच होतं… ताप आहे का चिमणीला?… मग? दात येतायत? अगं, दात सगळ्याच पोरांना येतात, एक दिवस तिचे आईबाप… दोघांनाही ड्युटी? रविवारी?… हं. बरं… नाही चिडले. नाही चिडले म्हटलं ना!

आणखी काय आता?… हे बघ, “शांतपणे ऐक” असं म्हणू नकोस. तू असं म्हणालीस की पुढे काहीतरी वाईटच असतं… हं… हं… म्हणजे उन्हाळ्यापर्यंत?… मग कधीपर्यंत?

कायमची?

आणि घर?… भाड्याने. हं… बाग त्यांना आवडली? बरं झालं.

ऐकतेय… आहे गं, फोन कट नाही झाला. काच पुसतेय… तीच काच परत पुसतेय, काय करू?

लेकीचं बाळंतपण उरकून येते म्हणून गेली होतीस तू… मला कळतं ताई. लेक आहे, नात आहे, त्यांचं घर उभं राहायचंय. सगळं कळतं. मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण मला तू हवीस ना… हो, मोठ्यानेच बोलतेय. काका ऐकतायत तर ऐकू देत. मला तू हवीस. शनिवारी चाकात हवा भरताना “किती भरतेस, दगड करून ठेवलास त्याचा” म्हणायला हवीस. पाठीवर नंबर लावायला हवीस. माझा मला लावता येत नाही, वाकडाच लागतो… आणि फळ्यांपाशी ओरडायला. ते लोक टाळ्या वाजवतात गं, “शाब्बास ताई, शाब्बास” म्हणतात. शाब्बास कुणाला हवंय? “पाय उचल, म्हशे!” असं कुणी ओरडत नाही मला आता.

हसलीस ना? हस. मी इथे रोज तुझ्या घरावरून येते. कुलूप बघते आणि मनात म्हणते, आलीच आता. रोज म्हणते.

मागच्या रविवारी?… काही नाही, थोडी पडझड झाली… मी नाही पडले. सायकल… सांगते म्हटलं ना. हसायचं नाही पण.

हंगामभर बदलायची वेळच आली नव्हती, कोरडं होतं ना सगळं. तरी दर वेळी दुसरी सायकल पिटात नेऊन कठड्याला टेकवून ठेवायचे, सवयीने. मागच्या रविवारी तिसऱ्या फेरीत चिखल असा चिकटला की मागचं चाक हलेना. वळले पिटात. नेहमीसारखी चालत्या सायकलवरून उडी मारली, नेहमीसारखी ओरडले “ताई, धर!” आणि दिली सोडून… अगं, न बघताच! कधी बघितलंय मी? तू धरतेसच की… मग काय, कोण धरणार? गेली तशीच एकटी पुढे, खांबावर आदळली आणि धाडकन आडवी… मागचा गिअर वाकला… मला कुठे काय झालं? मी उभी. हात पुढे करून… दुसरी घ्यायला गं! तू पुढे करतेस ना, बरोबर माझ्या हाताशी. तशी उभीच राहिले. कठड्याची सायकल दोन पावलांवर होती, दिसलीच नाही मला. शेवटी ते शिट्टीवाले पंच म्हणाले, “बाई, कुणाची वाट बघताय?”

काय सांगणार त्यांना, ताई?

…बेकरीवाली तेवढ्यात गेली पुढे.

रडतेस का?… चिमणी रडतेय?… दोघी? बरं. घे तिला कडेवर, मी आहे.

नाही काका, तुम्ही बसा, तुमचं काही चुकलं नाही. आमचं हे असंच असतं.

हां… झाला दुरुस्त गिअर. सायकलवाल्याने नवा बसवलाय. पण आता वेगळाच आवाज येतोय. चाक फिरवलं की दर फेऱ्याला एक, टक्. मागच्याच… आत्ता? फोनवर कसं कळेल तुला?… बरं, थांब. काका, दोन मिनिटं हं, चाक फिरवून आले… हो, चाक.

हे घे, फोन चाकाशी धरते. ऐक हं…

…ऐकलंस? परत?… ऐक.

…नाही, स्पोक तर घट्ट आहेत. चाचपून बघितले सगळे… कशाचा? हवा भरतो तिथला नट?… थांब, बघते… अगं हो! सैल आहे. बोटाने हलतोय. आवळला… फिरवते हं आता… गेला! गेला गं आवाज! तिथे बसून ओळखलंस!

…आता काही नाही, नुसतंच फिरतंय… तरी ऐकायचंय?… बरं. धरते.

…

…थांबलं.

हो, उद्याचं सांग. ऐकतेय… आधी थांबायचं. पूर्ण थांबायचं. उतरायचं… आडवी ठेवायची, चेनची बाजू वर. मग दुसरी घ्यायची. मागे बघायचं नाही… अगं, पण तेवढ्यात ती बेकरीवाली जाईल ना पुढे!… “जाऊ दे”? तू म्हणतेस जाऊ दे? तू?… बरं. जाऊ दे तर जाऊ दे. आठवीच राहीन मी.

ताई… एक विचारू? शर्यत संपली की सगळे नळापाशी बसतील. बूट घेऊन. मी काय करू?… तुझे कोरडे आहेत गं. यंदा मातीचा कण लागला नाही त्यांना. धुवू काय मी?

…कुठे ठेवू? पिटात?… तुझ्या जागेवर? नुसते बूटच?… लोक वेडी म्हणतील मला… तेही खरं, आत्ता कुठे शहाणी म्हणतात… हो, शिंतोडे तर उडतीलच. तिथे उभं राहिलं की कोरडं कोण राहतं? बेकरीवालीच उडवेल सगळ्यांत जास्त, हत्तीसारखी येते ती… आणि मग धुवायचे. हो… टाचेपासून. हो गं बाई, टाचेपासून!

तुला फोन करू? नळावरून?… बरं. उचल मग. चिमणी झोपली असली तरी उचल. मी बोलणार नाही हं काही, हात ओले असतील. तू नुसतं पाणी ऐक.

आणि ताई, उद्या पिटात आले की तोंडातून निघणारच. “ताई, धर”… अगं, सवय आहे, नाही थांबायचं ते… निघू दे म्हणतेस?… बरं. ओरडते. पण सायकल सोडणार नाही हातातून.

ठेव आता, काका कंटाळले… नाही, आधी तू… नेहमी तूच ठेवतेस आधी… ठेव ना गं…

ताई?… ठेवलास?

…हो काका, आले. द्या तो चष्मा इकडे.