ताडून न पाहिलेला तुकडा

नाही, नाही, शालनवहिनी, माफी कसली मागताय — बसा हो. देवाप्पानं पाठवलं? निपाणीहून थेट बंगळूरला, सर्जापूर रोडला, माझ्या दारात? कामावरून मी नाही काढलं त्याला, कंपनीच्या चौकशी कमिटीनं काढलं — मी नुसती सही केली. त्यानं केलं तरी काय, विचारता? सांगतो. आमच्याकडे एकच माहिती दोनदा साठवत नाहीत. डिस्कवर सगळ्याचे छोटे छोटे तुकडे असतात — फाइल कुणाची, कसली, खालच्या थराला पत्ताही नसतो. नवा तुकडा आला की त्याचा ठसा काढायचा, म्हणजे आकड्यांची छोटी खूण, तसाच ठसा आधी असला तर नवा टाकून द्यायचा, जुन्याकडे बोट दाखवायचं. जागा वाचते. फक्त टाकण्याआधी दोन्ही तुकडे आतून ताडून बघायचे — कारण क्वचित कधी दोन वेगळ्या तुकड्यांचाही ठसा एकच निघतो. ते ताडणं बंद झालं, देवाप्पाच्या लॉगिनवरून. आणि एका हॉस्पिटलच्या स्कॅनमध्ये एकाच्या छातीत दुसऱ्याचाच तुकडा. नाही, मूळ परत येत नाही — टाकलंच ना ते.

काय? घाईत हात चुकला म्हणतो? तुम्हालाही हेच सांगितलं — बायकोलाही? अहो, त्याचा हात चुकत नाही. चार वर्षं बघतोय. मेलवर लेखी आल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही तो — फक्त माझ्याकडे मेल मागायचा नाही. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच, टपरीवर चहा घेताना बोललो की झालं. त्या दिवशी गिऱ्हाइकाला वेग दाखवायचा होता, ताडण्यात वेळ जातो, म्हणून — म्हणून म्हटलं, तेवढं बंद कर, दोन दिवसांनी चालू करू. तो म्हणाला, "पद्माकरअण्णा, बरं न्हाई हे." मी म्हटलं, स्वल्प ऐक की माझं. सरी, करतो म्हणाला. आणि मग मी विसरलो — नाही, विसरलो नाही, वेग सगळ्यांना आवडला होता.

असं बघू नका. कमिटीनं त्याला विचारलं तेव्हा मी समोरच होतो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, चूक माझीच. मी पाण्याचा ग्लास उचलला. लाज वाटते, वहिनी, रोज वाटते, जेवण गोड लागत नाही — खरंच सांगतो. त्याला कुठं नोकरी मिळेना, ठाऊक आहे मला. काय म्हणालात? आत्ता बोललो ते लेखी? सहीनिशी? — वहिनी, माझी मुलगी येईल एवढ्यात शाळेतून. उठा. निघा तुम्ही.