किसनभाऊ रेडिओवर गायला तो दिवस

भावांनो, बायांनो, येवढे सारे जमले तुमी! परवा किसनभाऊ तापानं गेला, आन आज देवळापुढं पाय ठेवाले जागा नाई. जिता असता तं म्हन्ला असता, "काऊन बा, कोनाची दंडार हाय?" मले बोलता येत नाई. त्याच्या नाचगान्याच्या दंडारीत मी त्याचा झीलकरी. त्यानं ओळ म्हनाव, थांबाव, मी मांगून धुरपदाची झील ओढाव. येवढंच मले जमते.

चार सालाआंधी रेडिओचा सायेब आला. शिनेमाचे गाने कमी करून राह्यलो म्हने, आता गावाचा गाना लावतो. आमाले शहरात नेलं. दारातच म्हन्ला, "इथी पेटी चालत नाई. झीलकरी बी नाई. दहा मिनिटं." मी बाहीर बाकड्यावर. रातभर गानारा मानूस आत काचेच्या खोलीत येकटा! ओळ म्हने आन सवयीनं थांबे. झीलेची वाट पाहे बिचारा.

इकडं तुमी ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी बसून आयकत होते. तो थांबला आन तुमी हासले. "म्हातारा गाना इसरला," कोन म्हन्लं? पाटील, तुमीच ना? मान काऊन खाली घालता? जनमभर दिवाईनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याच जागी तुमी सारेच झील ओढत होते, हो! त्या दिवशी येकाच्या तोंडातून निंगली नाई?

लोकाईले आवडला नाई म्हनून रेडिओवाल्याईनं महिन्यात तो कार्यक्रम बंद केला. त्याईचा प्रयोग फसला, ते दुसऱ्या प्रयोगाले लागले. किसनभाऊ कुठी जाईन? तुमी मंडईत त्याले बोलवनंच सोडलं. दिवाई झाली का मले इचारे, "औंदा माझी दंडार हाय ना रे?" मी म्हनो, "पुढच्या साली, भाऊ."

खोटं बोललो. मंडईच्या पंचात मीबी होतो. नवा गानारा आनाले पयला हात मीच वर केला. मले बाहीर ठेवून येकटा आत काऊन गेला, येवढाच राग होता माझ्या पोटात. थू माझ्या जिनगानीवर!

आज त्याचा गाना म्हनाव, असं मनात होतं. सकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, सरूवयनी, उंबऱ्यातच उभी राह्यली. म्हन्ली, "सभेत कोनीबी गाऊ नोका. आन तू तं नोकोच."

म्हनून उभे राहा, भावांनो. चूप उभे राहा. किसनभाऊ, रामराम.