छतावरचे चाळीस कागद

रिसोडच्या दवाखान्यात बबनराव नंबराची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाकावर गुलाबराव आणि त्यांची कॉलेजात शिकणारी लेक रुचिका बोलत होते. रुचिकाची आई खोकल्यासाठी आत डॉक्टरांकडे गेली होती.

"छतावर हवा ओढायचं मशीन ठेवून चाळीस दिवस त्यातले कागद बदलले तू. आता सांग, मार्केटच्या ट्रकाइनंच तुह्या मायची छाती खराब केली ना?"

"ट्रकाची धूळ हाये बाबा, पण थोडीच."

"मंग बाकी काय हाये?"

"रोजच्या कागदावर काय बसलं ते मोजलं. लाकडाची राख आन् प्लास्टिकची काजळी संगंच वाढते, संगंच उतरते. मंजे दोन्ही एकाच जागी जळून राह्यलं."

"गावात हजार जागी जळते."

"तीन दिवस दोन्ही नव्हतंच म्हणा."

"मार्केट बंद असंन."

"मार्केट चालूच होतं, ट्रकाची धूळ तेवढीच हाये. पण तवा तुमी पोहरादेवीले गेलते."

"त्याचा काय संबंध?"

"मायनं तीन दिवस गॅसवर पाणी तापवलं. तुमी रोज आंघोळीच्या पाण्यासाठी तिच्या खिडकीखाली तुराट्या पेटवता, त्यात बियाण्याच्या पिशव्या घालता."

"पिशवीनं लवकर पेटते, बाई."

बबनराव उगाच आपल्या चपलांकडे पाहू लागले.

तेवढ्यात आई बाहेर आली.

"डॉक्टर म्हणे, धुरापासून लांब राहा. आता त्या ट्रकाइले मी कशी थांबवू?"

रुचिकाने आईच्या हातातली औषधांची चिठ्ठी घेतली.

"ट्रकाइले राहू दे, रुचिकाची माय," गुलाबराव म्हणाले. "उद्यापासून मी थंड्या पाण्यानं आंघोळ करतो."