चढावर वाजणारी गाडी

(नंदुरबार. युसुफच्या पेट्रोलच्या दुकानासमोर रनाळे गावची मोठी ब्युइक मोटार उभी आहे. ड्रायव्हर शब्बीर खाली उतरलेला. मागच्या सीटवर, पडद्याआड, मालकीण फुलवंताबाई, सगळ्यांच्या आक्का.)

शब्बीर : पांढरंच पेट्रोल टाक म्हटलं ना, युसुफभाई. हात का थांबला?

युसुफ : मागून आवाज आला म्हणून थांबला. आक्का म्हणतायत, लाल. आता मी ऐकू कुणाचं? गाडी चालवणाऱ्याचं, की गाडीत बसणाऱ्याचं?

शब्बीर : आक्का, बापूंनी मला बजावून ठेवलंय. भाऊसाहेब मालक वारले, आता भारीतलं लाल कशाला, गाडीला साधं पांढरंच घालायचं.

फुलवंताबाई : बापू मन्हा देर शे. त्याले काय सांगानं ते मी सांगसू. आज आपले खांडबारा जानं शे, तठे चढ शे. लाल भर.

युसुफ : बघ, आक्कांना चढ कळतो. अरे, छत्तीस साली ही गाडी नवीकोरी आली, तेव्हा पहिली टाकी मीच भरली होती. भाऊसाहेब असताना हिनं लालशिवाय दुसरं काही तोंडाला लावलं नाही. एवढी नाजूक, आठ सिलिंडरची. तिला तू पांढरं पाजतोस आणि वर मलाच दटावतोस.

शब्बीर : पांढऱ्यावरही चढते ती. जरा वाजते, एवढंच.

फुलवंताबाई : तेच तं, भाऊ. वाजस. लाल ऱ्हायनं का चूपचाप चढस, कोनले मालूम पडत नही. पांढरं ऱ्हायनं का टकटक टकटक, सगळी गल्ली ओटावर येस. माले आज वाजत जानं नही.

युसुफ : घ्या. लेकीच्या गावाला जायचं, त्यात लपायचं काय? रंजनाबाईला सातवा लागलाय ना? आज डोहाळजेवण आहे, असं ऐकलं बाजारात.

शब्बीर : युसुफभाई, नळी धर आणि जीभ आवर.

फुलवंताबाई : बोलू दे त्याले. वाईट काय इचारं त्यानी? हा भाऊ, आज मन्ही रंजनानी ओटी भरानी शे. नारय, खण, सगळं मी तुळशीबाईसंगे सकायना आगगाडीवर धाडी दिनं. मन्ही देरानी ती, बापूनी बायको, तीच ओटी भरी. बापूनी सांगं, वहिनी, तुम्ही घरच ऱ्हा, शुभ काम शे, तुमना हात नको. काही रागे नही भरना तो. गोडच बोलना. म्हनीसन माले बी काही बोलता उनं नही.

युसुफ : आणि तरी निघालात?

फुलवंताबाई : घरमा सांगं, देवदर्शनले जास. खोटं बोलनू, काय करू. रंजनाना घरना मांगे चिंचनं झाड शे. तठे गाडी उभी करसूत. पडदा जरा सरकाडा का आंगन दिखस. पोर पाटवर बठेल, हिरवा चुडा घालेल. तितलं देखसू नि उलटी फिरसू. आवाज व्हयना तं लोके बाहेर येतीन. म्हनीसन लाल.

शब्बीर : हे मला कुठं माहीत होतं, आक्का? मी समजलो, तुळशीबाईंना आणायला चाललोय.

फुलवंताबाई : तुले सांगं ऱ्हातं, तं तू बापूले इचारं ऱ्हातं.

शब्बीर : विचारलं असतं. नोकर माणूस मी. … युसुफभाई, लाल भर. बापू काय म्हणतील ते मी बघून घेईन.

युसुफ : आता कसं बोललास. हे बघा आक्का, पंपाच्या वरच्या काचेच्या बरणीत चढतंय. अस्सल माल.

फुलवंताबाई : कुंकूसारखं दिखस.

युसुफ : दिसतं खरं.

फुलवंताबाई : मन्हं कपाय पुसं, नि गाडीनं बी लाल बंद व्हयनं. चढवर ती वाजस ना, तवय माले वाटस, हाई बी मन्हासारखीच व्हई गई बिचारी.

युसुफ : नका हो असं मनाला लावून घेऊ. लाल हा नुसता रंग आहे. मूळचं दोन्ही पेट्रोल पाण्यासारखं बिनरंगाचंच. यात विलायतेहून औषध मिसळून येतं, त्यानं गाडी वाजत नाही. त्या औषधाला रंगबिंग काही नाही. मग गिऱ्हाइकाला कळायचं कसं, औषधाचं कोणतं? म्हणून वरून रंग घालतात.

फुलवंताबाई : नि रंग काढी टाका तं? औषध जास का?

युसुफ : औषध कसं जाईल? ते आत मुरलेलं. रंग आपला लोकांना दिसावा म्हणून.

फुलवंताबाई : लोकेसले दिसाले.

युसुफ : हां, तेवढ्यापुरता.

फुलवंताबाई : शब्बीर, ऐकं का, काय म्हने हाऊ?

शब्बीर : ऐकलं, आक्का.

फुलवंताबाई : मन्हा कपायना रंग लोकेसनी पुसा. पुसू दे. पन त्या पोरले मी नऊ महिना पोटमा वागाडं. तिले गोवर निघना तवय मांडीवर लिसन बठनू, भाऊसाहेब उठाडी उठाडी थकना पन मी उठनू नही. ते कोनी पुसं का? मंग मन्हाच हात तिले कसा काय वाईट?

शब्बीर : आक्का, डोळे पुसा. पाणी देऊ का?

फुलवंताबाई : नको. माले सांग, त्या पोरले कोनी इचारं का, तुले कोना हातनी ओटी पाहिजे?

शब्बीर : तिला कोण विचारतं.

युसुफ : बरणी भरली, आक्का. सोडू का टाकीत?

फुलवंताबाई : ऱ्हाऊ दे भाऊ. पांढरं भर.

युसुफ : आता पांढरं? घ्या, मी दोघांच्या मध्ये चेंडू झालो.

शब्बीर : आक्का, पांढऱ्यानं वाजेल बरं. चिंचेपाशी पोचायच्या आधीच गल्लीभर कळेल.

फुलवंताबाई : गाडीनं काही बिघडी का?

शब्बीर : एवढ्या चढानं नाही बिघडत, गियर खाली घेऊन हळू नेतो. पण रंजनाताईंची सासू?

फुलवंताबाई : बोली तं बोली. ऐकी लिसू. पोरनी सोता नको सांगं, तं दारवरथीन उलटी फिरसू, तिनावर रागे भराव नही. पन तिना तोंडनं ऐकसू, बापूना तोंडनं नही.

युसुफ : आणि ओटीचं सामान तर पुढं गेलंय.

फुलवंताबाई : तुळशी मन्हा जीवनी शे. हात पुढे करसू, नारय ती माले दी.

युसुफ : झालं, आक्का. पांढरं भरलं. अल्ला लेकीला सुखरूप मोकळी करो.

शब्बीर : मग चिंचेखाली नाही थांबायचं?

फुलवंताबाई : नही. मोठा दारपुढे लाव. नि चढ उना का पडदा सरकाडी दे.

शब्बीर : वाजत वाजत जाईल हं, आक्का.

फुलवंताबाई : वाजू दे. पोरले समजू दे, माय उनी.