लाजवर्दाची पांढरी रेघ

मंडळी, बसलात ना नीट? मागच्या मावश्यांनो, थोडं पुढे सरका — भिंत काही पळून जात नाही! आता एक विचारते, मनातल्या मनात उत्तर द्या. आईनं लेकराचं वैगुण्य झाकावं की उघडं ठेवावं?

झाकावं! नाहीतर पदर असतो कशाला? मलाही तसंच वाटतं. माझं लेकरू ते बघा, पेटीवाल्या काकांना टेकून झोपलंय. तोंड इकडे बोलतंय, पण एक डोळा तिकडेच! मग या आख्यानाची गरजच काय? आहे. ऐका.

चाळीसगावात सुनेत्रा नावाची एक बाई. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली. नावाला जागणारी — दूध उतू जाणार हे दुधाच्या आधी हिला कळायचं! तिची लेक मनवा, सहा वर्षांची. पोर बडबडी, गोड. पण गळ्याच्या खळगीत पांढरा डाग. रुपयाएवढा. डॉक्टर म्हणाले, "पसरत नाहीये, दुखत नाही, कुणाला लागत नाही. काळजी सोडा." काळजी सोडा! माशाला सांगावं, पाणी सोड!

त्यातच एका हळदीकुंकवाला एक बाई बोलून गेल्या, "अगंबाई, हे काय? मुलीची जात, उद्या हिचं..." आणि थांबल्या. मंडळी, पुरं वाक्य एकदाच टोचतं, अर्धं रोज टोचतं. दुसऱ्या दिवसापासून सुनेत्रा वेणी घालताना मनवाच्या गळ्याला अंगाच्या रंगाचं क्रीम लावू लागली.

"हे कशाला गं, आई?"

"ऊन लागू नये म्हणून."

खोटं! पण आईचं खोटं ते — साखरेत घोळलेलं.

पुढे मनवाच्या मावशीचं लग्न ठरलं. वैशाखातलं! घामापुढे क्रीम टिकायचं कसं? सुनेत्राला युक्ती सुचली — डागावर बरोब्बर बसेल असं खड्याचं पदक करायचं. दुपारी पोर झोपली असताना तिच्या गळ्यावर कागद धरून मापाची चकती कापली. मनवाला निळा रंग आवडतो, म्हणून खडा लाजवर्दाचा. लॅपिस म्हणतात तो. आणि फसायला नको म्हणून पर्समध्ये कापूस अन् नेलपॉलिश काढायची बाटली! हसू नका हो, खरी परीक्षा आहे ती. रंगवलेला दगड असला की कापूस निळा होतो. अस्सलाला कापूस कोरा.

मायलेकी सराफ गल्लीत आल्या. अण्णा दुसान्यांचं दुकान. चार पिढ्यांची सोनारकी; घरी भाकरीसुद्धा भिंगाखाली धरून खात असतील!

"अण्णा, एवढा लाजवर्द हवा," सुनेत्रानं चकती पुढे ठेवली. "पण पांढरा ठिपका नको, रेघ नको. एकसुद्धा नको."

"बिनरेघेचा अस्सल असतो, ताई. पण या मापाचा आत्ता नाही माझ्याकडे. रेघेचा आहे."

"मग तो कोणता?"

काचेमागे एक खडा होता. निळा म्हणजे कसा? शाईच्या दौतीत आभाळ बुडवलेलं! कुठे डाग नाही, रेघ नाही.

"तो विकायला नाही, दाखवायला ठेवलाय."

"असं कसं? मला तोच हवा!" म्हणत सुनेत्रानं पर्समधून कापूस-बाटली काढलीच.

अण्णा हसले. "बरं. आधी ओट्यावर उन्हात चला. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच सुंदर दिसतात. आणि तुमची बाटली आणलीच आहे, तर लावा कापूस."

सुनेत्रानं कापूस घासला. बघते तर निळा झाला! आणि खड्यावर खडूसारखा पांढरट पट्टा उघडा पडला. रंगवलेला कसा फसवतो, हेच गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला तो!

मग अण्णांनी दुसरा खडा तिच्या तळहातावर ठेवला. गार, वजनदार. गर्द निळ्यात सोनेरी कण सांडलेले — कुठे दाट, कुठे विरळ. आणि मधून एक पांढरी रेघ. सुनेत्रानं घासून घासून पाहिलं. कापूस कोरा!

"पण अण्णा, ही रेघ..."

"डोंगरातून बरोबर आलीय ती. तिच्यामुळे भाव उतरतो, खोटं नाही सांगणार. पण खडा खराच आहे."

हे सगळं कोण बघत होतं? मनवा! बाकावर बसून, पाण्याचा पेला हातात घेऊन. आईचं लक्ष खड्यात. पोरीनं कापसाचा कोरा बोळा उचलला, पाण्यात बुडवला. "आता माझी परीक्षा!" म्हणत हसत हसत स्वतःच्या गळ्यावर घासला.

कापूस तपकिरी झाला.

हसू विरलं हो तिचं. बोळा आईपुढे धरून म्हणते, "आई, माझा रंग निघाला. मी खोटी आहे?"

मंडळी, काय उत्तर द्यावं? अण्णा तर भिंग पुसण्यातच गढून गेले. सुनेत्रा त्या ओट्यावर, भर उन्हात, लेकीपुढे गुडघ्यावर बसली. नवा बोळा भिजवला आणि उरलंसुरलं क्रीम हळूहळू पुसून काढलं.

"खोटी तू नाहीस, बाळा. खोटा रंग मी लावला होता. ऊनबिन काही नव्हतं. आईच घाबरली होती."

"कशाला?"

"लोकांना."

मनवानं विचार केला. मग आईच्या मुठीतला खडा काढून घेतला, रेघेवरून बोट फिरवलं. "याला पण आहे. हाच घेऊया."

अण्णांनी घसा साफ केला. "साखळी केवढी ठेवू, ताई? चकतीच्या मापानं खळगीवरच बसवू ना?"

सुनेत्रानं ती कागदाची चकती उचलली, बोटांत चुरगाळली. "नको, अण्णा. लांब ठेवा. पार छातीवर येऊ दे."

लग्नात त्या हळदीकुंकवाच्या बाई भेटल्याच — अशा बाया कुठलं लग्न चुकवतात का? "अगंबाई, हे अजून आहेच का?" सुनेत्राचा हात पदराकडे गेला. पण मनवा पदक नाचवत म्हणाली, "हो! कापसानं घासलं तरी जात नाही!" आणि पळाली जिलबीकडे.

आता माझा कापूस तुमच्याकडे वळतो, मंडळी! पोराच्या नापास होण्यावर, पोरीच्या सावळ्या रंगावर, अडखळत्या बोलण्यावर आपण कोणता रंग फासलाय? आणि कुणाच्या भीतीनं? लेकराला थंडी वाजली तर पदर घाला. पण त्याला स्वतःचीच लाज वाटेल असं पांघरूण घालू नका. घरी गेल्यावर त्याला एकदा उजेडात घ्या, आणि रेघेसकट डोळे भरून बघा.

चला, हात जोडा, नाम घ्या. टाळ मात्र हळू वाजवा हं — माझं लेकरू झोपलंय.