कॅचरचा गुडघा

एलादियो : चोर आहेत ते! वर काचेआड बसून आमची हाडं जोखणारे हे संघाचे मालक, सगळे चोर. माझा गुडघा उसासारखा चघळला आणि आज चिपाड थुंकून मोकळे झाले.

निकानोर : हळू बोल, कंपाद्रे. मॅनेजरच्या खोलीत सगळं ऐकू जातं.

एलादियो : जाऊ दे. तू त्यांचा कोच ना? मग दार उघडून ठेव, म्हणजे नीट ऐकू जाईल. माहितीय आत काय झालं? मॅनेजर म्हणाला, ये, दार लावून घे. एवढी वर्षं बेसबॉल खेळलो, त्या खोलीचं दार मला कधी कुणी लावायला सांगितलं नव्हतं. तिथंच कळलं, आज मला काढणार. मग डॉक्टरनं दोन बोटांनी गुडघा दाबला, पिकलाय की नाही ते आंबा दाबून बघतात तसा. म्हणे ठणठणीत आहे.

निकानोर : ठणठणीत आहे, तर चांगलंच की.

एलादियो : सोंग करू नकोस. कंपाद्रे म्हणतोस ना मला? माझ्या पोरीचा धर्मबाप आहेस तू, माझ्यासमोर तरी करू नकोस. नियम तुलाही पाठ आहे. जखमी म्हटलं तर असं हाकलता येत नाही. गुडघा त्यांनीच कापायचा, त्यांनीच शिवायचा, बरा होईतो मला सांभाळायचं. ठणठणीत माणसाला मात्र हात मिळवून रस्त्यावर सोडता येतं. एवढा ठणठणीत होता, तर एप्रिलपासून सुया कुणाला टोचत होते? चर्चमधल्या मेरीमातेला?

निकानोर : सुया सगळेच घेतात.

एलादियो : सगळे उकिडवे बसत नाहीत. कॅचर बसतो. पिचर फेकणार, फलंदाज ढुंगण हलवत उभा राहणार, आणि मी त्याच्या मागं चेंडू झेलायला खाली बेडकासारखा. रोज. पावसात, उन्हात, ताप असताना.

निकानोर : खरं बोलू? रागावू नकोस. तुझ्याच्यानं उठवत नाही आता. पलीकडचे पळणारे तुझ्यासमोर दुसरा तळ फुकटात चोरतात, तुझा चेंडू पोचेपर्यंत तिथं जाऊन उभे. परवा तर तो जाडा पण पळाला, ज्याला जिना चढताना दम लागतो. आणि बॅटचं म्हणशील, तर तुझ्या बॅटला शेवटचा चेंडू कधी लागला ते तुलाच आठवत नसेल.

एलादियो : मी कुठं नाही म्हणतोय? उठवत नाही, कारण गुडघा गेलाय. हेच तर ओरडून सांगतोय मगापासून!

निकानोर : आज सांगतोयस. रोज सकाळी डॉक्टर विचारायचा, एलादियो, कसं काय? तू काय म्हणायचास?

एलादियो : ते राहू दे.

निकानोर : बोल ना. मी शेजारी कॉफी पीत उभा असायचो. तू छाती ठोकून म्हणायचास, मस्त! सगळ्यांसमोर. एकदा तर नाचून दाखवलंस. आता तो म्हणतो, यानंच सांगितलं, मी काय करू?

एलादियो : मग काय म्हणायला हवं होतं? तू म्हणाला होतास कधी? बोट मोडलं होतं तुझं, काळंनिळं. चिकटपट्टी बांधून सबंध उन्हाळा खेळलास.

निकानोर : खेळलो.

एलादियो : गावाकडं, बानीत, आपल्याला काय शिकवलं? मैदानावर 'दुखतं' म्हणालास, की तुझ्या मागं उभा असलेला तुझी जागा घेणार. आणि तू बापाबरोबर मिठागरावर. माझा भाऊ म्हणाला होता एकदाच, खांदा दुखतो. अजून मीठ ओढतोय. पायाला भेगा पडल्यात, त्यात मीठ जातं. त्याला विचार आता काय काय दुखतं.

निकानोर : मला नको सांगूस. माझेही बाप-आजे तिथंच गेले.

एलादियो : मग जा आत. सांग त्यांना, की तू बघितलंयस. हॉटेलात मी कठडा धरून जिना उतरतो, ते बघितलंयस. बसमध्ये पाय लांब करायला मला तुझी सीट दिलीस. मॅच संपल्यावर माझे बूट तू काढलेस, निकानोर. तू बोललास तर त्यांना ऐकावं लागेल.

निकानोर : आणि उद्या?

एलादियो : उद्या काय?

निकानोर : उद्या मी पण बाहेर. माझं वय बघ. म्हाताऱ्या कोचला कोण ठेवतं? घरी खाणारी तोंडं आहेत, कंपाद्रे. शिव्या दे, थोबाडीत मार, पण आत जाऊन बोलायला मला सांगू नकोस.

एलादियो : थोबाडीत मारायला सुद्धा उठावं लागतं.

निकानोर : बॅग भरून ठेवलीय तुझी. मागच्या दारानं जाऊ. पुढं पत्रकार आहेत.

एलादियो : कपाटावरची माझ्या नावाची पाटी?

निकानोर : सकाळीच काढली.

एलादियो : म्हणजे डॉक्टरनं गुडघा दाबायच्या आधी. वा! आणि कुणाची लावली? सांग ना. खालच्या लीगमधून कुणाला उचललं?

निकानोर : अनियेलो.

एलादियो : आपला? चर्चमागच्या मैदानावरचा?

निकानोर : तोच.

एलादियो : दर हिवाळ्यात, गावी गेलो की, मी त्याला उकिडवं बसायला शिकवलं. पहिला ग्लोव्ह माझा वापरलाय त्यानं. चांगलं पोरगं आहे. हात तोफेसारखा. माझ्यापेक्षा चांगला आहे तो, हे मीच मॅनेजरला सांगितलं होतं.

निकानोर : म्हणूनच आणला.

(अनियेलो खांद्याला बॅग लावून आत येतो. एलादियोला बघून दारातच थबकतो.)

अनियेलो : आशीर्वाद द्या, दादा.

एलादियो : देव तुझं भलं करो. ये. आत ये, भुतासारखा उभा राहू नकोस. तुझंच कपाट आहे.

अनियेलो : मला माहीत नव्हतं, दादा. शपथ. म्हणाले, बॅग भर, विमान पकड. कुणाच्या जागी ते विमानतळावर कळलं. मी आईला फोन केला, तर ती रडायला लागली. आनंदानं की तुमच्यासाठी, काही कळेना.

एलादियो : तिला म्हणावं, आनंदानंच रड. हात दे.

अनियेलो : हा घ्या.

एलादियो : डावा?

अनियेलो : उजव्या खांद्यावर बॅग आहे ना.

एलादियो : खाली ठेव बॅग. आता दे उजवा.

अनियेलो : दादा, राहू दे.

एलादियो : हा अंगठा बघ, निकानोर. वांग्यासारखा झालाय. फेकायचा हात आहे हा! कधी झालं?

अनियेलो : काही नाही, थोडा लागलाय. चेंडू खालून उसळला. बर्फ लावला की उतरतो.

एलादियो : खालच्या लीगमध्ये कुणाला सांगितलंस?

अनियेलो : दादा, तुम्हीच शिकवलंत ना. सांगायचं नसतं.

निकानोर : हे बघ पोरा, डॉक्टर थांबलाय तुझ्यासाठी. तो विचारील, कसं काय? तू म्हण, मस्त. सही कर आणि मैदानात पळ. आज तूच खेळणार आहेस.

एलादियो : नको म्हणूस तसं.

निकानोर : वा रे वा! तो 'दुखतं' म्हणाला तर त्याला आजच परत धाडतील. कॅचर तर लागणारच. मग तुलाच बोलावतील पुन्हा. हेच हवंय ना तुला?

एलादियो : हो, ते पण मनात आलं. मी काही संत नाही. लगेच आलं मनात, आणि लाजही वाटली नाही. पण मी मैदानापर्यंत तरी चालू शकतो का, बघ तूच. मला या खुर्चीतून उठायला तुझा हात लागणार आहे.

निकानोर : मग गप्प बस, आणि जाऊ दे त्याला.

अनियेलो : ते हाक मारतायत, दादा. मी जातो.

एलादियो : थांब. डॉक्टर विचारतो तेव्हा त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. मला नाही ठाऊक. अनियेलो, इकडे बघ. दुखतंय का?