सूर्यास्तापर्यंत कुरकुर नाही

...आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "मजा आली ना?" मजा! तुम्हाला सांगते, नवस बोलताना माणसानं चार वेळा विचार करावा. देवाबद्दल माझी तक्रार नाही हो, देव ऐकतो. पण शब्दन् शब्द ऐकतो, तीच तर पंचाईत!

झालं काय, आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि माणूस जो खिडकीपाशी खुर्चीत बसला तो बसलाच. चार महिने! डॉक्टर म्हणतात, हिंडा, फिरा, हसा. हे म्हणतात, "बघू." जेवायला वाढू? बघू. खाली जाऊन येऊ या? बघू. हसणं तर पार विसरले. रात्री गोळी घेतल्याशिवाय डोळ्याला डोळा नाही. शेवटी एका पहाटे देवापुढे हात जोडले नि बोलून बसले, "ह्यांचं पाऊल एकदा हौसेनं घराबाहेर पडू दे, त्या दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मी चकार शब्दानं कुरकुर करणार नाही." मला वाटलं, कोपऱ्यावरच्या बागेत जातील, दोन फेऱ्या मारून येतील. तेवढ्या वेळात मला कुरकुर करायला सुचणार तरी काय?

तर हे निघाले कुठे? जंगलातल्या नदीवर! आम्ही या गावात नवे, ह्यांना मित्र मिळाले दोनच, दोघे इथलेच. एक गॅरेजवाले भाऊजी, एक शिंपी भाऊजी. त्यांनी सहलीचं नाव काढलं नि हे "बघू" नाही, चक्क "चला" म्हणाले! रविवारी सूर्य उगवायला आणि गॅरेजवाले दारात यायला एकच गाठ. "भाड्याची गाडी कशाला, वहिनी? स्वस्तात मस्त नेतो!" खाली बघते तर टेम्पो. कुणाचा? गिऱ्हाइकाचा! दुरुस्तीला आलेला! "ट्रायल पण होईल, सहल पण होईल. सगळं झालंय, फक्त रिव्हर्स तेवढा पडत नाही. पण आपल्याला पुढेच जायचंय ना!"

मी बोलले का काही? छे! नवस होता ना!

"आम्ही इथलेच, वहिनी, रस्ता डोळे मिटून सांगू," शिंपी म्हणाले. डोळे मिटूनच सांगत असावेत... कारण एकच वारूळ मी तीनदा पाहिलं. चुकलं की मागे येता येत नाही, मग पुढे, आणखी पुढे, कुठेतरी मोकळं माळरान लागेल तिथे गोल फिरायचं. चौथ्यांदा ते वारूळ मला ओळखीचं माणूस वाटायला लागलं. मी बोलले का काही? छे!

नदी आली. सुंदर होती हो, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात शिंप्यांनी पिशवी उघडली. "लाइफ जॅकेट काय भाड्यानं घ्यायची? घरी शिवली! सोफ्याचा स्पंज होता उरलेला, वर पडद्याचं कापड." मोठाली गुलाबी फुलं! नाडी अशी करकचून बांधली, म्हणाले, "वहिनी, आता बुडायचं म्हटलंत तरी बुडणार नाही." अहो, स्पंज! शिंप्याच्या घरी भांडी कशानं घासतात, देव जाणे! गुडघाभर पाण्यात उतरले, पाय घसरला, मटकन बसले... आणि त्या जॅकेटनं जे पाणी प्यायला सुरुवात केली! पाच मिनिटांत मी एकटी चार बायकांच्या वजनाची. उठता येईना. दोघे भाऊजी दोन हातांना धरून ओढताहेत, "हं, वहिनी, जोर लावा," आणि मी नदीत सोफ्यासारखी बसलेली!

जिभेच्या टोकावर आलं होतं. एकच वाक्य! दोघांच्या सात पिढ्यांना पुरलं असतं. तेवढ्यात काठावरून आवाज आला. मला वाटलं, ह्यांना खोकला लागला. बघते तर... हसताहेत! पोट धरून, डोळ्यांतून पाणी, दगडावर हात आपटताहेत! चार महिन्यांनी! आता सांगा, कुठल्या तोंडानं कुरकुर करू? आणि समजा केली, देवानं हसू परत नेलं म्हणजे? गिळलं ते वाक्य. नदीच्या पाण्याबरोबर.

पुढचं ऐका. टेम्पो उभा काठाला नाक लावून. पुढे नदी, रिव्हर्स नाही! "ढकलू की!" गॅरेजवाले म्हणाले. ह्यांना जोर लावायची मनाई, म्हणून हे स्टिअरिंगवर. मागे नव्हे हो, टेम्पोच्या पुढे आम्ही तिघं, छातीनं रेटतोय, माझ्या अंगावर ती गुलाबी फुलं, कारण भिजलेली गाठ सुटेना! नि काचेतून हे ओरडताहेत, "जोर लावा, बाईसाहेब!" मी बोलले का काही? छे! नवस होता ना!

परतताना मी फक्त सूर्याकडे बघत होते. मनात यादी तयार! टेम्पो, वारूळ, स्पंज, बाईसाहेब, सगळं ओळीनं. सूर्य टेकला... अर्धा गेला... गेला! मी घसा खाकरला, वळले... तर ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. गाढ झोप. गोळीशिवाय!

मग काय, मिटलं तोंड. घरी आल्यावर जाग आली तर म्हणतात, "तू आज इतकी गप्प का? थोडी कुरकुर केली असतीस तर अजून मजा आली असती." आता काय करावं या माणसाचं? पुढच्या रविवारचं ठरलंसुद्धा!

म्हणून तुमच्या पाया पडते, तुमच्याही घरी कुणी असं खिडकीशी बसलं असेल, तर तुम्हीही हा नवस बोला. एका दिवसाचाच. आणि बोललात की रविवारी आमच्याकडे या... टेम्पो रेटायला एक माणूस कमी पडतो.